शून्यापासून सुरुवात

बाली बेटावरील उबुदहून किंतामणीकडे जाणारा रस्ता सतत चढाचा आहे. भाड्याच्या स्कूटरवरून आम्ही उभयता निघालो. टेगललांगची पायऱ्यापायऱ्यांची भातशेती मागे पडली, संत्र्यांच्या बागा लागल्या आणि १,७१७ मीटर उंचीचा बातूर ज्वालामुखी डोळे भरून पाहिला. परतीच्या वाटेवर ध्यानात आले की इंधनाचा काटा लाल रेषेला टेकला आहे. सूर्य कलला होता, पत्नीच्या चौविहाराची वेळ जवळ येत होती आणि पंप कोठेच दिसेना.

इतक्यात एका घरासमोर लाकडी मांडणीवर हिरवट द्रवाने भरलेल्या काचेच्या बाटल्या दिसल्या. लेबले व्होडकाची! पत्नी तर स्कूटरवरून उतरेना. परंतु ते पेट्रोल होते. इंडोनेशियात त्याला ‘बेन्सिन’ म्हणतात आणि खेडोपाडी ते असेच रिकाम्या बाटल्यांतून विकले जाते. ही विक्री बहुधा परवान्याविनाच चालते. म्हणून प्रवासाला निघतानाच पंपावर टाकी भरून घ्यावी, बाटली केवळ अडचणीपुरती.

दुकानातील आजीबाईंनी बाटलीचे १२,००० रुपिया सांगितले. पंपावर तेच ‘पर्टालाइट’ १०,००० रुपिया लिटर होते. माझ्यातील व्यापारी जागा झाला. वीस टक्के अधिक, आणि बाटली तोंडापर्यंत भरलेलीही नाही! मी बोटाने ती रिकामी जागा दाखवली. आजीबाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी आतून लिटरचे माप आणले आणि बाटली त्यात ओतली. पेट्रोल बरोबर रेषेवर येऊन थांबले. मग नरसाळ्याला फडके लावून त्यांनी ते गाळून टाकीत सोडले. मी खाली मान घालून पैसे दिले. दूरच्या पंपावरून डबे वाहून आणण्याची मजुरी म्हणजे ते वरचे २,००० रुपिया. त्यात लबाडी नव्हती.

दुसऱ्या दिवशी उबुदजवळच्या पंपावर गेलो. नळी हाती घेण्यापूर्वी तेथील मुलीने मीटरकडे हात करून म्हटले, “मुलाई दारी नोल, या.” म्हणजे, शून्यापासून सुरू करते हं! तेथील पंपांवर ही रीतच आहे.

अचौर्य अणुव्रताच्या पाच अतिचारांत ‘हीनाधिकमानोन्मान’, म्हणजे खोटी मापे वापरणे, आणि ‘प्रतिरूपकव्यवहार’, म्हणजे भेसळ, हे दोन आहेत. पाठशाळेत ते पाठ केले होते. त्या आजीबाईंनी ते नावही कधी ऐकले नसेल. पण शंका घेणाऱ्या परक्या ग्राहकापुढे माप ठेवताना त्यांना क्षणाचाही विचार करावा लागला नाही.

आमच्या दुकानातील इलेक्ट्रॉनिक काट्याचे आकडे इतकी वर्षे आमच्याच बाजूला होते. वजन खरेच असे. पण ते ग्राहकाला दिसत नसे. घरी परतल्यावर दुसऱ्याच दिवशी तो काटा ग्राहकाकडे वळवला. आता माल ठेवण्यापूर्वी आमचा मुलगा म्हणतो, “काका, शून्य पाहून घ्या.”