घर त्यांचे, हिशेब आमचा

मिरचीच्या बाजारामुळे आमचे पिंपळगाव रेणुकाई भोकरदन तालुक्याबाहेरही ओळखले जाते. हंगामात पोत्यांच्या थप्प्या लागतात आणि भाव, तूट, हमाली, गाडीभाडे यांचे हिशेब शाळकरी पोरेही तोंडी करतात. आम्ही दोघे शिक्षक, पण घरची थोडी मिरची असतेच. त्यामुळे हिशेबात आपण चुकायचे नाही, अशी एक घमेंड आमच्या घरात होती. ती कशी उतरली, ते सांगायचे आहे.

आमचा धाकटा भाऊ 2021 मध्ये दुबईला गेला. अल कुसैस भागात एका माल वाहतूक कंपनीत हिशेबनीस म्हणून. राहायला कंपनीची खोली, एका खोलीत सहा जण. पुढच्या वर्षी पगार वाढून 6,500 दिरहम झाला, तेव्हा त्याने बायको-मुलांना नेण्याचा विषय काढला. तिथल्या नियमाप्रमाणे कुटुंबाला बोलावण्यासाठी महिन्याला किमान 4,000 दिरहम पगार लागतो, किंवा 3,000 आणि राहण्याची सोय. म्हणजे अडचण नव्हती. मुलगा साडेतीन वर्षांचा, मुलगी दीड वर्षाची.

अब्बांचे मन सौदीकडे ओढत होते. हरम शरीफ जवळ, उमरा सहज होईल, एवढेच त्यांचे म्हणणे. पण सौदीत जुलै 2017 पासून परदेशी कामगारांना कुटुंबातल्या प्रत्येक माणसामागे शुल्क द्यावे लागते. महिन्याला 100 रियालपासून सुरू झालेले ते शुल्क 2020 पर्यंत 400 रियालवर गेले. त्याच काळात आमच्या नात्यातली दोन कुटुंबे रियाधहून सामान बांधून परत आली होती. तो विषय तिथेच संपला.

मग आम्ही ओसरीवर बसलो आणि शाळेच्या वहीच्या मागच्या पानावर तीन रकाने आखले. दुबईत अल कुसैसलाच घर घेतले तर काम जवळ, पण भाडे सर्वांत जास्त. शिवाय एजंटचे कमिशन, अनामत, वीज-पाण्याच्या जोडणीसाठी फ्लॅटला 2,000 दिरहम ठेव, आणि वर्षाच्या भाड्याच्या 5 टक्के महापालिकेचा घरकर. दुसरा रकाना शारजातल्या अल नहदाचा. नहदा नावाची वस्ती सीमेच्या दोन्ही बाजूंना आहे, एक दुबईत आणि एक शारजात. शारजाच्या बाजूला एक बेडरूमचे घर वर्षाला 28,000 दिरहमला मिळत होते. तिसरा रकाना अजमानचा. तिथे भावाच्या ओळखीच्या एका गृहस्थाचा दोन बेडरूमचा फ्लॅट होता. त्यातली एक खोली, स्वयंपाकघर सामायिक, वीज-पाण्यासह महिना 1,200.

वर्षाचे 14,400. नहदापेक्षा 13,600 दिरहम कमी, म्हणजे आपले साधारण तीन लाख रुपये. तेवढ्यात गावातल्या घरावर वरच्या मजल्याचा स्लॅब पडत होता. शिवाय आपल्याच मराठवाड्यातले लोक, दीनदार घर, परक्या मुलखात सोबत. सर्वांनी होकार दिला. दुल्हन, म्हणजे आमची धाकटी सून, चहाचे कप ठेवून आत गेली. त्या घरात दिवसाचे बावीस तास जिला काढायचे होते, तिला आम्ही कोणीच काही विचारले नाही. ही गोष्ट तेव्हा खटकलीही नाही.

जानेवारी 2023 मध्ये ती मुलांसह भेटीच्या व्हिसावर गेली. रोज व्हिडिओ कॉल होई. मुलगा पूर्वी अंगणात ओरडून घर डोक्यावर घ्यायचा, तो फोनवर हळू आवाजात बोलू लागला. अम्मी खूश होत्या. म्हणायच्या, "बघा, तिथे जाऊन पोराला किती अदब आली!"

रमजानमध्ये एका दुपारी अम्मींनी तेच कौतुक दुल्हनला ऐकवले आणि तिकडचा फोन एकदम छताकडे वळला. बराच वेळ फक्त पंखा दिसत होता. मग ती बोलली.

त्या घरातले गृहस्थ रात्रपाळी करायचे आणि दिवसा झोपायचे. म्हणून मुलांना सकाळपासून "श्श" ऐकावे लागे. मुलगा इतका शिकला की खेळणे पडले तर तोच स्वतःच्या तोंडावर बोट ठेवायचा. स्वयंपाकघरात पाळ्या लावलेल्या. परपुरुष घरात असल्यामुळे हिला खोलीबाहेर पाऊल टाकायचे तर पूर्ण पर्दा करून, वुजूला जायचे तरी आधी त्यांच्या दाराचा कानोसा घेऊन. भाऊ अजमानहून शारजा ओलांडून कुसैसला जायचा. जाऊन-येऊन चार तास. निघायचा तेव्हा मुले झोपलेली, परतायचा तेव्हाही झोपलेली. रमजानमध्ये कामाचे तास दोनने कमी होतात, तरी रोजा बहुतेक वेळा रस्त्यातच सुटायचा, सिग्नलवर स्वयंसेवक देतात त्या पाकिटातल्या खजुरांवर.

"त्या लोकांचा काही दोष नाही," ती म्हणाली. "ते चांगलेच आहेत. सहरीला ताट पाठवतात. पण घर त्यांचे आहे."

आम्ही तिला विचारले, आधी का नाही सांगितलेस? ती म्हणाली, "स्लॅबचे पैसे ठरलेले होते ना."

त्या रात्री आम्हाला तरावीहमध्येही ते वाक्य आठवत राहिले.

तेवढ्यात कागदपत्रांनीही तेच सांगितले. कुटुंबाचा निवासी व्हिसा काढायचा तर भाडेकरार स्वतःच्या नावावर आणि नोंदलेला असावा लागतो. दुबईत त्या नोंदणीला 'इजारी' म्हणतात, शारजात करार नगरपालिकेकडून प्रमाणित करून घ्यावा लागतो. दुसऱ्याच्या फ्लॅटमधल्या खोलीवर ते शक्य नव्हते. ईदनंतर नवे घर शोधणे भागच होते.

या वेळी वही दुल्हनच्या हातात होती. आम्ही फोनवर फक्त ऐकत होतो. भाड्याचा आकडा तिने शेवटी विचारला. खिडक्या किती उघडतात, त्यांना अडसर आहे का, हा तिचा पहिला प्रश्न. उंच इमारतींतून लहान मुले पडल्याच्या बातम्या तिथे वेळोवेळी येतात, हे आम्हाला ठाऊकही नव्हते. मग खाली चालत जाता येईल अशी बाग, किराणा, दवाखाना. मशीद तर तिथे जवळ असतेच. इमारतीत कुटुंबे आहेत की माणसे खोल्या वाटून राहतात? शारजात कुटुंबांच्या वस्तीत एकट्या पुरुषांना राहू देत नाहीत, तरी प्रत्यक्ष जाऊन जिन्यात उभे राहून बघावे, असे तिचे मत. एसीचे बिल कोणाकडे? उन्हाळ्यात तो बंद ठेवता येत नाही. मुलाच्या शाळेची बस कुठवर येते?

सुट्टीचाही प्रश्न तिनेच काढला. जानेवारी 2022 पासून अमिरातीत सरकारी सुट्टी शनिवार-रविवार आणि शुक्रवारी अर्धा दिवस काम अशी झाली, पण शारजाने शुक्रवार, शनिवार, रविवार असे तीन दिवस ठेवले. म्हणजे शारजाच्या शाळेतली मुले शुक्रवारी घरी आणि दुबईत काम करणारा बाप कामावर. तिने हिशेब केला. जुम्याची नमाज तो कामाजवळ पढेल, पण घर जवळ असेल तर जेवायला मुलांबरोबर बसेल.

शेवटी शारजाच्या नहदातले घर ठरले, बागेपासून चालत दहा मिनिटांवर. 28,000 दिरहम, सहा चेकमध्ये. तिथे भाड्याचे पुढच्या तारखांचे चेक आधीच द्यावे लागतात आणि चेक न वटणे फार महागात पडते. म्हणून आम्ही पहिल्या दोन चेकपुरते पैसे इथून उभे केले, स्लॅबसाठी ठेवलेल्यातून.

मग आम्ही जुना हिशेब पुन्हा काढला. अजमानहून कामावर जायला भाऊ एका खासगी गाडीत जागा घ्यायचा, महिन्याला 500, वर्षाला 6,000 दिरहम. नहदाच्या कोपऱ्यावर कंपनीची गाडीच येते. तीन लाखांची बचत तिथेच पावणेदोन लाखांच्या आत आली. आणि दिवसाचे तीन तास वाचले. महिन्याचे 24 दिवस धरले तर 72 तास, म्हणजे पुरते तीन दिवस-रात्र. मुलांना दर महिन्याला तीन दिवस बाप जास्त मिळाला. आमच्या रकान्यांत ही ओळच नव्हती.

प्रेषित मुहम्मद (स.) हिजरत करून मदिन्यात आले तेव्हा हजरत अबू अय्यूब अन्सारी (रजि.) यांच्या घरी उतरले. घर दुमजली होते. प्रेषितांनी (स.) खालचा मजला पसंत केला, भेटायला येणाऱ्यांना सोपे जावे म्हणून. पण यजमान पती-पत्नीला आपण वर आणि रसूल (स.) खाली, हे सहन होईना. शेवटी त्यांच्या विनंतीवरून प्रेषित (स.) वर राहायला गेले. हा प्रसंग आम्ही शाळेत कितीदा सांगितला असेल. आता सांगताना एक गोष्ट जास्त जाणवते. कोण कुठे राहील हे ठरवताना दोन्ही बाजू एकमेकांचा जीव कशाने अवघडतो ते बघत होत्या. अरबीत म्हण आहे, अल-जार कब्ल अद-दार, घराआधी शेजार बघा. आम्ही शेजार पाहिला होता, पण आपल्या गावाकडचा आहे एवढेच पाहिले.

आपल्या घरांतून आता पुष्कळ मुले-मुली कुटुंबासह बाहेर जात आहेत. त्यांना एवढेच सांगू की, पहिले एक-दोन महिने तात्पुरते राहा आणि घर डोळ्यांनी पाहिल्याशिवाय, मालकाचे कागद तपासल्याशिवाय कोणाला अनामत देऊ नका. कामाच्या वेळेला, गर्दीतच, तो रस्ता एकदा जाऊन बघा. आणि घरातल्या मोठ्यांना विनंती, पैसे मागा, हक्काने मागा, पण जिला तिथे राहायचे आहे तिला आधी बसवून विचारा. चहा दुसरे कोणी करील.

मागच्या जुलैत ते सुट्टीला आले. मिरचीचा बाजार भरात होता. वरचा मजला अजून झालेला नाही, गच्चीवर सळया तशाच उभ्या आहेत. दोन्ही मुले त्या सळयांना धरून गरगर फिरत होती आणि इतकी ओरडत होती की खाली अब्बांना अजान ऐकू येईना. अम्मी जिन्यापर्यंत गेल्या, त्यांना गप्प करायला. मग काय वाटले कोणास ठाऊक, अर्ध्या जिन्यातूनच परत आल्या.