परवागिल्ला

छावणीत उद्याचा दिवस म्हणजे तीन आकडे. संध्याकाळचं सूप संपलं की आमचा ट्रेक लीडर सगळ्यांना गोलात उभं करायचा आणि सांगायचा, ‘‘कल पाँच, छह, सात.’’ पाचला चहा, सहाला नाश्ता, सातला वाटेला लागायचं. पहिल्या दिवशी मला याचं हसू आलं. मी साताऱ्याची, सह्याद्रीत फिरून मोठी झालेली. आमच्याकडे राजगडावर मुक्काम म्हणजे पद्मावतीच्या देवळात पथारी, कुणाच्या तरी पिशवीतली भाकरी आणि जाग येईल तेव्हा सकाळ. इथे मात्र पाण्याची बाटली कधी भरायची, मोजे कुठे वाळवायचे, तंबूत डोकं कुठल्या बाजूला करून झोपायचं, सगळं ठरलेलं. डोकं चढाकडे करायचं, नाहीतर रात्रभर घसरत राहायचं.

जुलै महिना होता. मनालीहून जोब्रापर्यंत गाडीने आणि तिथून पुढे हामटा खिंड ओलांडायला पायी, असे आम्ही सतरा जण निघालो होतो. बहुतेक बंगळुरूचे. माझ्यासोबत मल्लेश्वरममधल्या आमच्या इमारतीतली, वरच्या मजल्यावरची शेजारीण होती. बँकेतून निवृत्त झालेली, सत्तावन्न वर्षांची. सहा महिने आम्ही दोघी तयारी करत होतो. रोज सात मजले चढउतार, रविवारी लालबागेतल्या त्या जुन्या खडकावर पाठीला पिशवी लावून फेऱ्या. तो खडक सुमारे तीनशे कोटी वर्षांचा. त्याच्यापुढे हिमालय म्हणजे काल जन्मलेलं पोर. ‘‘आपण आजोबांच्या अंगावर सराव करून नातवाकडे चाललोय,’’ असं ती कन्नडमध्ये म्हणाली होती. तिच्या मुलांना हे खूळ पसंत नव्हतं. म्हणून तिला ते पूर्ण करायचंच होतं.

पहिला तळ चिका, ३,१०० मीटर. भूर्जाची झाडं, खाली खळाळणारी नदी, चरणाऱ्या मेंढ्या. दुसरा बालू का घेरा, ३,६०० मीटर. तिथे झाडं संपतात. नदीने आणून टाकलेल्या वाळूचं सपाट मैदान आणि तिन्ही बाजूंनी कडे.

तळावरचं जगणं स्वयंपाकघराच्या तंबूभोवती फिरतं. आम्ही पाचला उठायचो, तेव्हा आचाऱ्याचा स्टोव्ह तासभर आधीच भुरभुरत असायचा. इतक्या उंचीवर पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे कुकरशिवाय डाळ शिजत नाही. शिट्ट्या ऐकून मला घर आठवायचं. डबा आपला आपण धुवायचा. शौचाचा तंबू लांब, आत खणलेला खड्डा, शेजारी मातीचा ढीग आणि खुरपं. आपापली माती आपण लोटायची. रात्री गरम पाण्याची बाटली स्लीपिंग बॅगेत, तिच्या शेजारी बॅटऱ्या आणि उद्याचे मोजे. पहाटे आपल्याच श्वासाची वाफ तंबूच्या कापडावरून थेंब होऊन कपाळावर पडायची.

आणि रोज दोनदा तपासणी. बोटाला ऑक्सिमीटर लावायचा, आकडा वहीत लिहायचा. मग तीन प्रश्न: ‘‘नींद आई? खाना खाया? सिर में दर्द?’’ लीडर सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा, उत्तराखंडातल्या खेड्यातला. प्रश्न विचारताना तो वहीकडे बघायचा नाही, तोंडाकडे बघायचा.

हवेत ऑक्सिजनचं प्रमाण तेवढंच, पण दाब कमी. बंगळुरू ९२० मीटरवर आहे, तेव्हा आपल्याला थोडी सवय असेल, असं आमच्या गटातल्या काहींना वाटत होतं. त्याचा इथे काही उपयोग नसतो. हामटा खिंड ४,२७० मीटरवर. तिथे समुद्रकाठच्या हवेच्या जेमतेम साठ टक्के दाब. कुणाला त्रास होईल हे आधी सांगता येत नाही. वय, व्यायाम, शिस्त यांपैकी कशालाच उंची दाद देत नाही. मॅरेथॉन धावणारा आडवा पडतो आणि विड्या ओढणारा टुणटुणीत राहतो. म्हणून ते तीन प्रश्न. यंत्र गार बोटावर चुकीचा आकडा दाखवू शकतं, पण दुखतंय की नाही हे आतल्या माणसालाच ठाऊक. महाराष्ट्रात कळसूबाईच सगळ्यांत उंच, १,६४६ मीटर. तिथे ‘डोकं दुखतंय’ म्हणणाऱ्याची आपण चेष्टा करतो. इथे तेच वाक्य न बोलल्यामुळे माणसं मेली आहेत.

शेजारणीचं उत्तर ठरलेलं होतं, ‘‘परवागिल्ला.’’ मराठीतल्या ‘पर्वा नाही’चा हा कन्नड सख्खा भाऊ, पण त्याचा स्वभाव वेगळा. ‘पर्वा नाही’त थोडी मिजास आहे. ‘परवागिल्ला’त माया आहे, संकोच आहे, दुसऱ्याला त्रास नको हा भाव आहे. पायावर पाय पडला तरी परवागिल्ला, भाजीवाल्याकडे सुटे नसले तरी परवागिल्ला. बंगळुरूत आले तेव्हा मी सगळ्यांत आधी शिकले तो हा शब्द, आणि मला तो फार आवडायचा.

बालू का घेऱ्याला आम्ही दुपारी एकला पोहोचलो. तीनच्या सुमारास ती तंबूमागे जाऊन उलटी करून आली. मला म्हणाली, ‘‘गाडीतल्यासारखं झालं. आता परवागिल्ला.’’ डब्यातली डाळ तशीच होती. साडेतीनला तपासणी. माझा आकडा ८६, तिचा ७४. बोटं चोळून पुन्हा पाहिलं, ७६. लीडरने तीन प्रश्न विचारले. झोप उत्तम, जेवण झालं, डोकं अजिबात नाही. तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला, आणि मग माझ्याकडे वळला. विचारलं काहीच नाही.

त्या दोन-तीन क्षणांत मला लालबागचे सगळे रविवार दिसले. मी हिंदीत सांगितलं, ‘‘इन्हें उलटी हुई है. खाना नहीं खाया.’’

ती माझ्याकडे बघून कन्नडमध्ये एवढंच म्हणाली, ‘‘तुम्हाला कुणी विचारलं होतं?’’

पुढचं सगळं शांतपणे झालं. त्याने तिला वाळूत सरळ रेषेत, टाचेला बोटं लावून चालायला सांगितलं. तोल जात नव्हता. म्हणजे मेंदूला सूज नाही, पण वर जायचंही नाही. विरळ हवेच्या आजारावर खात्रीचा उपाय एकच, खाली उतरणं. चारच्या आत एक गाईड, तिची पिशवी घेतलेलं एक खेचर आणि ती, असे तिघं चिकाकडे निघाले. जाताना तिने सगळ्यांचा निरोप घेतला, माझा सोडून. रात्री वॉकीटॉकीवर निरोप आला की ती दोन वाट्या खिचडी खाऊन झोपली आहे. पाचशे मीटरांचा एवढाच खेळ.

दुसऱ्या दिवशी मी खिंड ओलांडली. एका बाजूला कुल्लूची ओली हिरवळ, दुसऱ्या बाजूला लाहौलचे कोरडे, तांबूस पहाड. बघून आनंद झाला, आणि तो सांगायला शेजारी कुणी नव्हतं.

बंगळुरूला परतल्यावर ती पाच आठवडे माझ्याशी बोलली नाही. लिफ्टमध्ये भेटली तर मजल्याचे आकडे बघत उभी राहायची. मग एक दिवस तिने डब्यातून बिसीबेळे भात पाठवला. त्या तिसऱ्या प्रहराबद्दल आम्ही आजवर बोललेलो नाही. माझं बरोबर होतं असं ती म्हणाली नाही, आणि तिने म्हणावं अशी माझी अपेक्षाही नाही. सत्तावन्न वर्षं ‘काही नाही, बरी आहे’ म्हणून घर चालवलेल्या बाईचं गुपित मी चारचौघांत उघडं केलं. ते करणं भाग होतं, आणि तिला ते लागलं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

माझी आई साताऱ्यात एकटी असते, एक्याऐंशी वर्षांची. रोज रात्री फोनवर मी ‘‘कशी आहेस?’’ म्हणते, ती ‘‘बरी आहे’’ म्हणते, मग पावसापाण्याचं बोलून आम्ही फोन ठेवतो. ट्रेकहून आल्यापासून मी तो प्रश्न सोडला. आता विचारते, ‘‘झोप लागली का? जेवलीस का, काय जेवलीस? डोकं दुखतंय का?’’ पहिल्या दिवशी ती म्हणाली, ‘‘तुला आज झालंय काय?’’ आठवड्याने म्हणाली, ‘‘डोकं नाही गं. गुडघा. दिवाळीपासून.’’