दोघांचा वारसा

मुलांनो, उर्दूत 'वारिस', मराठीत 'वारस'. शब्द एकच, दोन घरी राहायला गेलेला. 'दस्तऐवज' हाही तसाच. संगणकाच्या भाषा कशा चालतात, याचे दस्तऐवज लिहिणे हा माझा व्यवसाय आहे. आज 'पायथॉन' या भाषेतील वारशाविषयी सांगतो.

मी गोरेगावला, आरे कॉलनीजवळ राहतो. १९४९ साली वसलेल्या या कॉलनीत मुंबईच्या तबेल्यांतील म्हशी आणून ठेवल्या गेल्या. त्यामुळे उदाहरण शोधू लागलो, की मला जनावरेच आठवतात.

समजा, गोठ्याचा हिशेब ठेवणारा एक प्रोग्रॅम आहे. त्यात 'जनावर' हा वर्ग. (शाळेतील वर्ग नव्हे, सारख्या गुणांचा गट.) खुराक विचारला, की त्याने 'चारा' असे सांगायचे. त्याच्यापासून दोन वर्ग निघाले: 'कष्टाचे' आणि 'दुभते'. दुभत्या जनावराला पेंड हवी, म्हणून तेथे उत्तर बदलून 'चारा आणि पेंड' असे लिहिले. 'कष्टाचे' वर्गात खुराकाविषयी काहीच लिहिले नाही.

आता दोघांचा एक वारस हवा. आरेच्या म्हशी दुधासाठीच पाळलेल्या. म्हणून मी लातूरकडची देवणी जात घेतली. तिची गाय दूध देते, बैल नांगर ओढतो. 'देवणी'चे पालक लिहिले: आधी 'कष्टाचे', मग 'दुभते'. सांगा पाहू, देवणीचा खुराक कोणता?

पायथॉनची जुनी रीत अशी होती: पहिल्या पालकाकडे उत्तर नसेल, तर थेट त्याच्या पालकाकडे जायचे. म्हणजे 'जनावर'. उत्तर मिळे 'चारा'. प्रोग्रॅम अडत नसे, तक्रारही करत नसे. गाय मात्र पेंडीवाचून राही. अशी मुकी चूक मला सर्वांत वाईट वाटते.

२००३ मध्ये पायथॉनच्या २.३ या आवृत्तीत नवी रीत आली. आधी स्वतः, मग पालक लिहिलेल्या क्रमाने, आणि आजोबा आपल्या सर्व मुलांनंतर. क्रम झाला: देवणी, कष्टाचे, दुभते, जनावर. गाईला पेंड मिळाली! ही रीत मुळात 'डिलन' नावाच्या दुसऱ्या भाषेसाठी १९९६ मध्ये मांडली गेली होती. 'जावा' भाषेने तर हा गुंताच टाळला. तेथे वर्गाला पालक-वर्ग एकच.

'दोघांचेही गुण मिळतात' एवढे लिहून दस्तऐवज संपवता येतो. मी तसे करत नाही. मी पूर्ण क्रम लिहितो. कारण वाचणाऱ्याला गोठ्यात काय होणार, हे आधी कळले पाहिजे.

तुम्ही आता कागद घ्या. 'दुभते' आधी आणि 'कष्टाचे' नंतर लिहून क्रम लावा. मग पालकांमध्ये आधी 'जनावर' आणि नंतर 'दुभते' लिहून पाहा. हा क्रम तुम्हांला लागणार नाही. पायथॉनलाही लागत नाही. तो असा वर्ग बनवूच देत नाही.