उचलू नको म्हणाले तेव्हा

दिवेआगर, ता. श्रीवर्धन

चि. सौ. मनीस,


मृग वेळेवर आला. परवा तुझा फोन चालू असतानाच लाइट गेली आणि पाठोपाठ रेंजही गेली, म्हणून बोलणं अर्धवट राहिलं. आता कधी लागेल याचा नेम नाही, तेव्हा पत्रच लिहिते. तू विचारत होतीस, "आत्या, त्या रात्री मला चिनूला उचलू का दिलं नाही? आईनं आपलं पोर जवळ घ्यायचं नाही, तर कुणी घ्यायचं?" महिना होत आला तरी तुझ्या आवाजातला राग उतरलेला नाही. डॉक्टरांनी तुला चारचौघांत दटावलं हे तुला लागलंय. डॉक्टर वयानं तुझ्याहून लहान होते, त्यामुळे जरा जास्तच.

तर ऐक. विंचू चावल्यावर चिनूला जी गोळी दिली तिचं नाव प्राझोसिन. मूळची रक्तदाबाची गोळी. ती आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करते. तिच्या पहिल्या मात्रेनंतर माणूस झटकन उभा राहिला तर रक्तदाब एकदम खाली येतो, डोळ्यांपुढे अंधारी येते, क्वचित शुद्ध हरपते. लहान मूल आपण होऊन उठत नाही, पण रडायला लागलं की आई त्याला खांद्यावर घेते, आणि आडवं असलेलं मूल क्षणात उभं होतं. ही गोळी ज्यांनी विंचवावर वापरून दाखवली त्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी आपल्या लेखांत हे स्पष्ट सांगितलंय, की रुग्णाला झोपवून ठेवा आणि आईबापांना मूल उचलू देऊ नका. त्या तरुण डॉक्टरांनी पुस्तकातलं वाक्य तुझ्यावर फेकलं नाही. एका माणसाने रायगडातच खाटेशी बसून मिळवलेलं शहाणपण तुला सांगितलं. जरा गोड शब्दांत सांगता आलं असतं, हे मलाही मान्य.

बावस्कर इथले नव्हेत, जालना जिल्ह्यातल्या देहेडचे. 1976 साली महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात ते डॉक्टर म्हणून आले. तेव्हा आपल्या भागात तांबडा विंचू चावलेलं माणूस, त्यातही पोर, सकाळपर्यंत राहील की नाही हे कुणी सांगू शकत नसे. मी नोकरीची सुरुवातीची वर्षं महाड तालुक्यातल्या शाळांवर काढली, तेव्हा हजेरीपटावरचं एखादं नाव असं अचानक खोडावं लागायचं. औषधं नव्हती असं नाही. कुणी हे देई, कुणी ते देई, पण माणूस नेमका कशाने जातो हेच कुणाला नीट कळलेलं नव्हतं. बावस्करांनी विंचूदंशाचे रुग्ण तासन्‌तास डोळ्यांखाली ठेवले, घाम, उलट्या, नाडी, रक्तदाब टिपत गेले, आणि 1982 साली लंडनच्या 'लॅन्सेट'मध्ये धोक्याच्या पूर्वखुणा छापल्या. 1986 साली त्याच साप्ताहिकात प्राझोसिनचा अनुभव आला. ज्यांच्या अंगात विष भिनतं अशांपैकी पूर्वी शंभरात तीसेक दगावत. ही गोळी आल्यावर ते प्रमाण एका टक्क्यावर आलं. 2022 साली त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा महाडात पेढे वाटले गेले असतील, पण मला विचारशील तर खरी गंमत गोळीच्या किमतीत आहे. ती इतकी स्वस्त आणि द्यायला इतकी सोपी निघाली, की आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरालाही ती देता यावी.

आता तो विंचू. तू म्हणालीस, "एवढासा तर होता, काडीएवढा." तोच तर वाईट. काळी, दांडगी इंगळी बघून माणसं किंचाळतात, पण तिच्याने सहसा जीव जात नाही. हा तांबूस, बारीक, नांगी उचलून पळणारा खरा घातकी. चिऱ्यांच्या सांदीत, कौलांखाली, लाकडांच्या ढिगात, भाताच्या पेंढ्यात राहतो, आणि अंधार पडला की बाहेर येतो. निसर्ग वादळानंतर, म्हणजे 3 जून 2020 नंतर, आपल्या पट्ट्यात फुटकी कौलं आणि पडलेल्या पोफळी-माडांचे ओंडके परसात रचून ठेवले गेले ते अजून तसेच आहेत. विंचवांना आयती चाळ मिळाली.

त्याचं विष मज्जातंतूंची टोकं चेतवतं आणि अंगात ॲड्रेनलिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो. रक्तवाहिन्या आवळतात. वाडीतला पंप चालू आहे आणि पुढचा पाइप कुणी पिळून धरलाय अशी हृदयाची गत होते. ते जोर लावतं, लावतं आणि थकतं, मग फुप्फुसात पाणी भरतं. पूर्वी तोंडाला फेस आला की लोक म्हणत, विंचू डोक्यात चढला. चढत काही नव्हतं, पोराला श्वास पुरत नव्हता.

आणि यातली सगळ्यात फसवी गोष्ट तू स्वतः पाहिलीस. चिनू पहिल्यांदा ओरडला, पाच-दहा मिनिटं रडला आणि मग म्हणाला, "आता जास्त नाही दुखत." शेजारच्या वहिनींनी लगेच सुटकेचा श्वास सोडला आणि चिंचोका उगाळायला घेतला. पण मे महिन्याच्या त्या उकाड्यात त्याचे तळवे गार पडलेले, केस घामाने चिकटलेले, आणि तेवढ्यात त्याला दोन उलट्या झाल्या. विंचवाचं गणित उलटं आहे, मने. ज्याला ठणका लागून जीव नकोसा होतो, जो रात्रभर बोंब मारतो, तो बहुधा सकाळी उठून चहा पितो. ज्याला दुखणं बेताचं असतं पण घाम फुटतो, ओकारी येते, हातपाय गार पडतात, त्याला गाडीत घालायचं. बावस्करांनी 1982 साली जगाला सांगितलं ते थोडक्यात हेच.

मांत्रिकाचंही गुपित यातच दडलंय. आपल्याकडे विंचू उतरवणारे गावोगाव होते, अजून आहेत. चावलेल्यांपैकी पुष्कळांना नुसताच ठणका असतो आणि तो काही तासांत आपोआप ओसरतो, मंत्र म्हटला तरी आणि न म्हटला तरी. श्रेय मात्र मंत्राला जातं. ज्याच्या अंगात विष भिनतं तो मांत्रिकाच्या अंगणात बसून ते मोलाचे दोन तास घालवतो, आणि मग गेला तर 'त्याचं नशीब'. त्या रात्री कुणीतरी सुचवलंच की आधी अमक्याकडे नेऊ, वाटेतच आहे. तू "नको" म्हणालीस आणि ओसरीवर कुजबुज झाली. त्या एका शब्दाचं मोल तुला कळलेलं नाही म्हणून मुद्दाम लिहितेय. या दंशात किती वेळाने औषध पोटात गेलं यावरच सारं अवलंबून असतं.

तशीच दुसरी गोष्ट गाडीची. 108 ची सेवा महाराष्ट्रात 2014 पासून आहे आणि तिने माणसं वाचवली आहेत यात वाद नाही, पण आपल्या रस्त्यांवर ती कुठून निघून किती वेळात पोचेल हे त्या वेळच्या नशिबावर. आपण फोन लावला आणि त्याच वेळी शेजारच्या दादांची इको दारात उभी केली. जी आधी येईल ती आपली. रुग्णालयात पोचलो तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "कधी चावला? उलट्या किती? वजन किती?" पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं तू घड्याळाकडे बघून फटाफट दिलीस. तिसऱ्याला तू माझ्याकडे बघितलंस. मुलांचं औषध वजनावर ठरतं, म्हणून त्यांनी तेवढ्यात त्याला काट्यावर ठेवलं.

मग ती रात्र. तुला वाटतं तू काहीच केलं नाहीस, नुसती बसून राहिलीस. मी बघत होते तुला. चिनू दोन्ही हात वर करून "आई घे" म्हणत होता आणि तू खाटेच्या कडेला गुडघे टेकून बसलीस, तुझं तोंड त्याच्या तोंडाच्या पातळीला आणलंस. एक हात त्याच्या कपाळावर, दुसऱ्या हातात मीठसाखरेच्या पाण्याचा पेला, चमच्याचमच्याने, कारण घामाने आणि उलट्यांनी तो कोरडा पडत होता. आणि तुझं ते लोकलचं सुरू झालं. "डोंबिवली सुटली. पुढचं स्टेशन दिवा." तो गुंगीत होता, पण डोळे न उघडता म्हणाला, "कोपर राहिलं." मग दिवा, मुंब्रा, कळवा, ठाणे. तू मुद्दाम नाहूर गाळलंस, त्याने तेही पकडलं. सिस्टर येऊन नाडी बघत होत्या, डॉक्टर रक्तदाब बघत होते, आणि पोरगा शुद्धीवर आहे याची खबर मला तुमच्या लोकलवरून मिळत होती. दोन वेळा तुम्ही सीएसटीला जाऊन परत आलात.

माणसं मदत करायला येतात तेव्हा ती खाटेभोवती कडं करतात, हा आपल्या कोकणातला जुना रोग. कुणी पदर तोंडाला लावतं, कुणी 'आमच्या आळीतला एक असाच' अशी कथा लावतं, आणि पोर एकेकाचे चेहरे वाचत पडतं. मी वहिनींना चहा आणायला पाठवलं, ते काही चहासाठी नव्हे. आजाऱ्याजवळ एकच माणूस हवं, आणि त्या माणसाजवळ आणखी एक, बाहेरच्यांना थोपवायला. तू आत होतीस म्हणून मी दाराशी उभी राहू शकले.

पहाटे चिनू एकाएकी किंचाळला, "आई, बोट! बोट दुखतंय!" तू घाबरून उठलीस आणि डॉक्टर हसले. त्या हसण्याचा तुला आजही राग आहे ना? अगं, ते हसणं चेष्टेचं नव्हतं. अंगभर सुटलेलं वादळ शमलं, हातापायांना ऊब आली, की मग चावल्या जागेचा ठणका जागा होतो. जी वेदना संध्याकाळी यायला हवी होती ती पहाटे आली, म्हणजे पोरगा सुटला. त्यांनी बोटात भूल देणारं इंजेक्शन दिलं आणि तो झोपला. मी त्यावेळी देवाला नमस्कार केला, आणि मनातल्या मनात बिरवाडीलाही.

तू विचारलं होतंस की विंचवावर लस मिळते ना, ती का नाही दिली. लस नव्हे, प्रतिविष. मुंबईच्या हाफकिनने ते तयार केलंय. 2011 साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये बावस्कर पतिपत्नींचा अभ्यास आला, तोही महाडातलाच. सत्तर रुग्ण होते, निम्म्यांना नुसती प्राझोसिन, निम्म्यांना तिच्या जोडीला प्रतिविष. दोन्ही मिळालेल्या 35 पैकी 32 दहा तासांत पूर्ण बरे झाले, नुसत्या गोळीवाल्यांत 8. म्हणजे प्रतिविष असलं तर उत्तमच, लवकर सुटका होते. पण ते हाताशी नसेल तेव्हा नुसत्या गोळीनेही माणूस वाचतो, थोडा उशिरा सावरतो इतकंच. चिनूला त्या रात्री जे हाताशी होतं ते वेळेत मिळालं. एक मात्र बजावून सांगते. ही गोळी घरात आणून ठेवायची नाही आणि आपल्या मनाने द्यायची तर मुळीच नाही. तिच्याजवळ रक्तदाब मोजणारा माणूस लागतो.

तुझी आई म्हणाली, तू रात्री उठून चिनूच्या गाद्या झटकतेस आणि डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर टॉर्च घेऊन फिरतेस. फिर थोडे दिवस. ते उतरेल. पण चिनू शाळेत विंचवाची गोष्ट सांगायला लागला की त्याला गप्प करतेस म्हणे, ते बरं नाही. त्याच्या लेखी तो विंचवाशी लढून आलाय. लढू दे. दर खेपेला विंचू एक वीत वाढत असेल तर वाढू दे. त्याला भीती वाटत नाही तिथे तुझी भीती नेऊन ठेवू नकोस. आणि 'विंचू सँडलमध्ये होता, ती झटकून द्यायला हवी होती' हे बोलणं आता बंद. सँडल या गावात कोण झटकतं? आता झटकतील.

गोठ्यामागचा कौलांचा ढीग मी पोरांकडून उपसून घेतला. हातमोजे आणि फावडं देऊन, दिवसाउजेडी. तांबडे निघालेच. खाटा भिंतीपासून हातभर पुढे ओढल्या आहेत आणि मच्छरदाण्या गादीखाली खोचायची सवय सगळ्यांना लावतेय. तेव्हा गणपतीला या. चिनूने मोदकांची मागणी आधीच नोंदवली आहे.

आणि एक काम कर. त्याचं वजन करून मला कळव. दाराच्या मागे 108 च्या खाली मी ते खडूने लिहून ठेवते. दर सहा महिन्यांनी नवं कळवत जा.

तुझी,
आत्या