दुसऱ्याचा हेल

घिवलीच्या किनाऱ्यावर कुणी एकाने कपाळावर हात आडवा धरून समुद्राकडे पाहिलं, की आणखी चौघे तसेच उभे राहतात. होडी दिसत असते असं नाही. मीही पाहतो, काय पाहतोय, हा प्रश्न नंतर पडतो.

बोईसरच्या बाजारात तर नुसतं ऐकत उभं राहावं. घरी मांगेली बोलणारी मासेवाली मावशी गुजराती गिऱ्हाईक आलं की शब्द लांबवते, हिंदीवाला आला की मानही त्याच्यासारखीच हलवते. 1969 साली तारापूरचं अणुवीज केंद्र सुरू झालं, पुढे औद्योगिक वसाहत वाढली, देशभरची माणसं इथे आली. कुणी कुणाचं काय उचललं, याचा हिशेब आता लागायचा नाही.

1999 साली मानसशास्त्रज्ञ तान्या चार्ट्रँड आणि जॉन बार्ग यांनी या नकळत होणाऱ्या नकलेचा प्रयोगच मांडला. अनोळखी जोडीदार चेहरा चोळू लागला की समोरचाही चोळायचा, पाय हलवू लागला की पाय हलवायचा. विचारलं तर पत्ताच नसायचा. उलट, ज्याच्या हालचालींची अशी नक्कल झाली, त्याला समोरचा अधिक आवडायचा. मावशीचा धंदा चांगला चालतो, त्यात ताज्या बोंबलांचा वाटा मोठा; पण सगळा नसावा.

चिडवायला केलेली नक्कल मात्र लगेच कळते आणि झोंबते.

घरचे म्हणतात, मी फोनवर कुणाशी बोलतोय हे त्यांना शेजारच्या खोलीतूनही ओळखता येतं. आतेभाऊ असला की मी म्हणे त्याच्यासारखाच खाकरतो.