टायर आतून खातोय

बॅलन्सिंग म्हणजेच अलाइनमेंट, असं आमच्या ऑफिसातले निम्मे लोक समजतात. बॅलन्सिंगमध्ये रिमला वजनं लावतात. अलाइनमेंटमध्ये चाकांचे कोन जुळवतात.

परवा वर्ध्यात मेकॅनिकने पुढचं चाक वळवून दाखवलं. "भाऊ, टायर आतून खाऊन राह्यला ना!" बाहेरून नक्षी ठणठणीत, आतली कड पार गुळगुळीत. आणि आई-बाबांना घेऊन येळाकेळीहून समृद्धीवर चढायचं होतं! डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर-शिर्डी टप्प्याने सुरू झालेला काँक्रीटचा रस्ता, कारला १२० ची मुभा. त्या वेगात असा टायर... नकोच.

पुढचे दोन्ही बदलले. चाकं पुढून किंचित फाकली होती, म्हणजे टो-आउट. टाय रॉड फिरवून टो जुळवला. (कॅम्बर आमच्या गाडीत फिरवताच येत नाही.)

रिकाम्या सरळ रस्त्यावर स्टिअरिंगवरची पकड जरा सैल केली. गाडी सरळच.

बाबा म्हणाले, "हात ठेव."