एकवीस हजारांच्या वर

22 सप्टेंबर 2025, भोसरी

आजपासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी गेला. ऑफिस स्टाफमधल्या दोघांनी विचारलं, "मॅडम, आपला मेडिक्लेमही स्वस्त होणार ना?" नाही होणार. कंपनी काढते ती ग्रुप पॉलिसी, तिच्यावर 18 टक्के कायम. माणसाने स्वतः विमा काढला तर सूट आणि मालकाने कामगारांसाठी काढला तर कर, हे मला अजिबात पटत नाही.

26 सप्टेंबर

साहेबांनी पगारवाढीची यादी दिली, 1 ऑक्टोबरपासून लागू. व्हीएमसी मशीनवरच्या एका ऑपरेटरचा ग्रॉस 20,500 वरून 22,500. गुणी पोरगा, सेटिंगसुद्धा स्वतः करतो. दुपारी केबिनमध्ये आला आणि म्हणाला, "मॅडम, माझी वाढ राहू द्या."

वडिलांचं डायलिसिस ईएसआयवर, म्हणजे राज्य कामगार विम्यावर चालू आहे, आठवड्यातून तीनदा. खिशातून रेफरल लेटर काढून त्याने टेबलावर पसरलं. घड्यांवर विरलेलं, मागच्या बाजूला पेनाने लिहिलेल्या तारखा, झालेल्या तारखांवर काट. पगार 21,000 च्या वर गेला की हे सगळं बंद. वाढ नको म्हणून कामगाराला विनवणी करावी लागते, याचा मला संताप आला.

ही मर्यादा जानेवारी 2017 पासून तिथेच आहे. त्याआधी ती 15,000 होती. जुलै 2019 मध्ये वर्गणी साडेसहा टक्क्यांवरून चारवर आली. मालकाचे 3.25, कामगाराचे 0.75. आम्हा कारखान्यांना दिलासा मिळाला, मर्यादेला मात्र कोणी हात लावला नाही. 22,500 वर दोघांची मिळून वर्गणी होते 901 रुपये. तेवढ्यात बायको-मुलं आणि अवलंबून असलेले आई-वडील, सगळ्यांचे उपचार. आमच्या ग्रुप मेडिक्लेममध्ये तर आई-वडील बसतच नाहीत.

29 सप्टेंबर

तोडगा आहे. वर्गणीचे काळ दोन, एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. काळ सुरू होतानाच पगार मर्यादेच्या वर असेल तर माणूस बाहेर. मध्येच वाढला तर काळ संपेपर्यंत तो आत राहतो, वर्गणी वाढलेल्या पगारावर भरायची. म्हणजे त्याची वाढ 1 नोव्हेंबरपासून लावली की मार्चअखेरपर्यंत चिंता नाही. साहेब लगेच "हो" म्हणाले. ऑक्टोबरच्या दोन हजारांवर पाणी सोडायला पोरगाही तयार झाला.

24 नोव्हेंबर

शुक्रवारपासून चारही श्रमसंहिता लागू. ईएसआयचा 1948 चा कायदा आता सामाजिक सुरक्षा संहितेत गेला. चाळिशीपुढच्या कामगारांची वर्षातून एकदा मोफत तपासणी करायची आहे. आमच्याकडे जुने फिटर-टर्नर बरेच, ते चांगलंच झालं.

माझा जीव अडकलाय पगाराच्या नव्या व्याख्येत. घरभाडं, प्रवासभत्ता वगैरे एकूण रकमेच्या निम्म्यापर्यंत पगारातून वगळायचं. त्या पोराचा घरभाडं भत्ता 4,000. तो वगळला तर 18,500 उरतात, मग एप्रिलनंतरही तो आत राहू शकतो. सल्लागार म्हणतात, नियम येऊ द्या, आत्ताच शब्द देऊ नका. त्याला तसंच सांगितलं. पण शेजारच्या शेडमध्ये तेवढ्याच पगारावर, घरभाडं वेगळं न दाखवलेला माणूस बाहेरच राहणार. वडिलांचं डायलिसिस सॅलरी स्लिपच्या मांडणीवर ठरावं?

28 नोव्हेंबर

उद्योजक संघटनेसाठी निवेदनाचा मसुदा केला. मर्यादा केंद्र सरकारच्या अधिसूचनेने वाढते, त्यासाठी संसदेत जावं लागत नाही. ती वाढवा, आमचे 3.25 टक्के भरायची आमची तयारी आहे, एवढंच लिहिलंय. साहेबांनी वाचून सही केली आणि शेजारच्या दोन शेडच्या मालकांना फोन लावला. एकाने सहीसाठी उद्या बोलावलंय.